डावा की दायाँ

८ जाने. ८४, रवि.
सौंसरला आत्याकडे. शिबिरात झालेल्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा चष्मा परवा मिळाला. शेजारच्या वच्छलाबाईनं दुकानात नेलं होतं. एक काच साधी, एक जाडजूड. आत्या म्हणते, "मले तं आधीपेक्षा कमी दिसून राहिलं वो." भाकर तव्याच्या बाहेर, थेट विस्तवात टाकली. स्वतःच हसली. मला हसू आलं नाही.

१० जाने., मंगळ.
शाळेत अर्धी रजा टाकून पांढुर्ण्याहून पुन्हा सौंसरला. चष्मेवाला नवीनच, इटारसीकडचा. चष्मा हातातसुद्धा घेतला नाही. "आदत पड़ जाएगी, बहनजी. बुज़ुर्ग लोग घबराते हैं." आदत म्हणे! त्याच्या आईला लाव म्हणावं हा चष्मा. म्हटलं नाही अर्थात. मनात बरंच म्हटलं.

१५ जाने., रवि.
नागपूरहून दादा आला. आत्या विहारात वंदनेला एकटी जायची, आज त्याचा हात धरून गेली. झालं, निकाल लागला. "बस झालं एकटीनं राहणं. पुढच्या रविवारी घ्यायले येतो, घराले कुलूप."
आत्या : "दिसत होतं रे बापू. चष्मा लावला अन् गेलं."
दादा म्हणतो वय झालं. या घरात, या चुलीशी आत्या तीस वर्षं कोणाच्या मिंधेपणाविना राहिली, ते गेलं एका वाक्यात.

१७ जाने., मंगळ.
सापडलं! आत्याला खोदून विचारलं, दुकानात काय बोलणं झालं.
"त्यानं इचारलं, ऑपरेशन कोनत्या डोळ्याचं. म्या म्हणलं, डावा. तो म्हणे, दायाँ? म्या म्हणलं, हो बा, डावा."
दोघंही खूश! डोळा डावा, जाड भिंग उजव्यावर. शिबिराची चिठ्ठी समोर होती, पण वाचायचे कष्ट कोण घेतो.
चष्मा उलटा करून, वरची बाजू खाली, तिच्या डोळ्यांपुढे धरला. "अवो, तुह्या लुगड्याची किनार हिरवी हाय!" दोघी रडलो. मग माझं डोकं फिरलं.

१८ जाने., बुध.
पुन्हा चष्मेवाल्याकडे. "अम्माजी ने खुद दायाँ बोला."
"डावा म्हणजे बायाँ, भाऊ! इथं दुकान मांडलं तं एवढी बोली शिका."
भिंग दुसऱ्या बाजूला बसत नाही म्हणे, नवं नागपूरहून येईल. सोमवारी पक्का. रविवारी दादा येणार, आणि याचा सोमवार.
दादाला ट्रंक कॉल. एक दिवस थांब म्हटलं. "त्याच्या सोमवारावर तुहा भरोसा हाय?" भरोसा नाही, हेच तर खरं.

२२ जाने., रवि.
दादा थांबला नाही. सुट्टी नाही म्हणे. आत्या भांडली नाही, याचंच जास्त लागलं. गाठोडं स्वतः बांधलं, चाचपडत. बस सुटताना खिडकीतून माझा हात ओढला. "चष्मा आला तं नागपूरले नको धाडू. इथंच ठेव. मले घ्यायले ये."
हो म्हणाले. दादानं ऐकलं. मी गेले तर तो सोडेल का तिला, माहीत नाही.