आमटीची बादली आणि बिनबुडाची टोपली

मखमलाबाद, नाशिक
गुरुवार, मेथीला पाणी देऊन झाल्यावर

चि. ज्ञानेशला मावशीचा आशीर्वाद,

पत्र कुणाचं ते खाली सही करून सांगायची रीत आहे. पण तू खालपर्यंत पोचेस्तोवर वरचं विसरशील, म्हणून आधीच सांगून टाकते. मी नवसाबाई, तुझ्या आईची थोरली बहीण. जिच्या घरी राहून तू शाळेतल्या पोरींना बास्केटबॉल शिकवलास, आणि जिच्या खुंटीवर स्वतःची शिट्टी विसरून गेलास, ती. आठवलं? नसेल तर सगुणाला विचार. तुझ्या आईला सगळं आठवतं, कारण वाटेतल्या पेट्रोलपंपावर तीच राहिली होती. (पेट्रोल भरायला तिला गाडीवरून उतरवलंस, पैसे दिलेस, आणि एकटाच इथे येऊन "मावशी, आई आली का गं?" म्हणून मलाच विचारलंस. परत गेलास तेव्हा ती पंपाच्या कट्ट्यावर बसून शेंगा खात होती. ओरडली का? नाही. "आलास?" म्हणाली, टरफलं झटकली आणि मागे बसली. हे ध्यानात ठेव, पुढे लागेल. नाहीतर हेही विसरशील.)

सगुणाचे गुडघे कसे आहेत? तुझ्या वडिलांचा खोकला? कांद्याचा भाव विचारत नाही, तो विचारला की लासलगावची माणसं उत्तर द्यायचंच टाळतात. आमच्याकडे सगळं ठीक. थंडी चांगली पडली आहे. आमचा भारत नेहमीसारखाच काही बोलत नाही आणि सूनबाई त्याच्याही वाटणीचं बोलते. मी जन्मात अक्षर गिरवलं नाही हे तुला ठाऊकच आहे, तेव्हा पत्र माझी नात लिहून घेते आहे. मी "लय" म्हटलं की ही "फार" लिहिते. तू वाचताना परत "लय" कर. (सायली: आजी, सर पण फळ्यावर "फार" असंच लिहितात.) हिला मधे कंसात बोलायची मी परवानगी दिली आहे, कारण परवानगी नसली तरी ती बोलतेच. घरात तुला काका म्हणते, मैदानावर सर म्हणते. आता तू ना घरात ना मैदानावर, म्हणून काय म्हणावं ते तिला कळत नाही.

फोन का नाही केला म्हणशील. केला होता. तू उचलत नाहीस. म्हणून हे पत्र सहादूच्या हाती देते. तो आपला कांदा घेऊन तिकडे येतोच. तो टेम्पो कसा चालवतो ते तुला माहीत आहे, गतिरोधक दिसला की त्याला जोर चढतो. पण कागदाला काय होणार? मागच्या खेपेला सगुणानं त्याच्याबरोबर कुरडया पाठवल्या होत्या, त्यांचा भुगा होऊन आला. आम्ही चार दिवस भुग्याची भाजी खाल्ली.

त्याच सहादूनं सांगितलं, की तू मार्केटात लिलावाच्या रांगेत ट्रॅक्टरवर बसलेला असतोस, आणि "आता कांदाच बघणार, पोरींना शिकवणं आपल्याच्यानं होणार नाही," असं म्हणालास. चांगलं आहे. कांद्याचा एक मोठा गुण आहे, त्याच्यावर कितीही ओरडा, तो कोपऱ्यात जाऊन बसत नाही.

आता त्या कळवणबरोबरच्या सामन्याचं बोलू. तू म्हणशील, मावशी, तो विषय नको. पण पत्रात मधेच उठून जाता येत नाही, हा पत्राचा फायदा आहे.

मला तुमचा खेळ पहिल्यापासून थोडा वेड्यासारखाच वाटतो. आम्ही आयुष्यभर टोपल्या भरल्या. मेथीच्या, झेंडूच्या, वांग्यांच्या. तुमची टोपली उंचावर टांगलेली आणि वर तिला बूडच नाही. टाकलं की पडलं, पडलं की टाकलं. असो. पाच पोरींमधली एक चेंडूचे टप्पे मारत सगळ्यांना पुढे घेऊन जाते आणि कुणाला कधी द्यायचा ते ठरवते, तिला पॉइंट गार्ड म्हणतात, हे तू मला भाकरी खाताना समजावलं होतंस. मला लगेच समजलं. तू मात्र "मावशी, ते एवढं सोपं नाही" म्हणालास आणि दुसरी भाकरी मागितलीस.

तर सामना संपत आलेला. आपण एका गुणानं पुढे. चेंडू सायलीच्या हातात. आणि माझं लक्ष गेलं आपल्या शेजारच्या तेजस्विनीकडे. संघात सगळ्यात उंच पोर, टोपलीखाली मघापासून उभी आणि तिला कुणी चेंडूच देईना. मला राहवेना. मी खुर्चीवरून उठून ओरडले, "अगं सायले, तेजूचं पान कोरडं आहे!" सप्ताहाच्या पंगतीला मी असंच ओरडते आणि सायली बादली घेऊन धावते. तिच्या अंगात ते मुरलंय. तिनं बघितलंही नाही, चेंडू थेट तेजूकडे. आणि तेजूचे दोन्ही हात डोक्यावर, क्लिप दातात. चेंडू तिच्या खांद्यावर आपटला, कळवणच्या एका पोरीकडे गेला, तिथून टोपलीत, आणि आपण हरलो. (सायली: आजी, हे सगळं लिहायलाच पाहिजे का?) लिही. सगळ्या गावानं बघितलंय, कागदानं बघितलं तर काय बिघडतं?

मग तू सगळ्यांच्या आईबापांसमोर सायलीला म्हणालास, "तू पॉइंट गार्ड आहेस की पंगतीत वाढायला आलीस? उद्यापासून बाहेर बस." आणि मला म्हणालास, "मावशी, तू मैदानात पाय ठेवायचा नाही." आणि सकाळच्या एसटीनं गेलास.

ज्ञानेश, तुझा सगळा घोटाळा त्या एका वाक्यात आहे. तुला ती दोन कामं वेगळी वाटतात.

पंगतीत चांगलं वाढणारी बाई आपल्या हाताकडे बघत नाही. हात आपोआप चालतो, डोळे पानांवर. कोण नको नको म्हणतंय पण पान पुढे सरकवतंय, कोण लाजून कडेला बसलंय, कुणाच्या दातांना पुरी झेपत नाही म्हणून त्याला भात लवकर द्यायचा, हे तिला चालता चालता दिसतं. बुंदीवाला एकाच ठिकाणी रमला तर त्याला डोळ्यानंच पुढे ढकलते. सगळी पंगत उठते तेव्हा लोक आचाऱ्याचं नाव घेतात. तिचं कुणी घेत नाही, आणि तिला त्याचं काही वाटतही नाही. (मला थोडं वाटतं. पण मी काही फार मोठी वाढपी नाही.)

आणि तुला एक सांगू? त्या दिवशी मैदानावर असं वाढणारी एक पोर होती. आपली नव्हे, कळवणची. काडीएवढी, लाल रिबिनवाली. तिनं स्वतः एकदाही टोपलीत टाकला नाही. तिच्याच संघातल्या एका जाडसर पोरीच्या हातून चेंडू सुटला, बाहेर गेला, सगळ्या "शी!" म्हणाल्या. ही पळत गेली, तिच्या पाठीवर थाप मारली, आणि पुढचाच चेंडू पुन्हा तिलाच दिला. दुसऱ्या कुणाला नाही, तिलाच. तू ते बघितलं नाहीस. तू तेव्हा सायलीकडे डोळे वटारून बघत होतास.

(सायले, जा, भारतला मळ्यात चहा देऊन ये. घाई करू नकोस, सांडेल.)

आता अक्षर बदललेलं दिसेल. तेजस्विनी विरजण मागायला आली होती, तिला बसवलं आहे. (तेजस्विनी: आजी, तेव्हा क्लिप सुटली होती, डोळ्यावर केस येत होते.) हो बाई, लिही पुढे.

तू गेल्यावर मुख्याध्यापिका मनीषाबाई म्हणाल्या, कुणी मोठं माणूस नसेल तर संध्याकाळी फाटक उघडणार नाही. तू मला मैदानात बंदी घातलीस, त्यांनी मला खुर्ची घातली. मी रोज जाऊन बसते. पहिल्या दिवशी तुझी शिट्टी वाजवली. शिट्टीच्या आधी कवळीच बाहेर आली, आणि ती पकडली मात्र तेजूनं, एका हातात. (तेजस्विनी: झेलली.) तेव्हापासून मी ताट आणि पळी नेते. ताट वाजवलं की पोरी थांबतात. पहिल्यांदा वाजवलं तेव्हा दोघी जेवायलाच आल्या.

पण सायलीचं ऐक, म्हणूनच तिला बाहेर धाडलं आहे. पोर रोज येते, बूट बांधते आणि माझ्या खुर्चीजवळ बसते. आत ढकलली तर चेंडू आला रे आला की तापलेला तवा हातात आल्यासारखा जी जवळ असेल तिला देऊन टाकते. टप्पा मारत नाही, कुणाकडे बघत नाही. घरात जेवतानासुद्धा आमटी वाढ म्हटलं तर "आई, तू वाढ" म्हणते. तेरा वर्षांची पोर आमटीला घाबरायला लागली, ज्ञानेश.

तुझ्या मामाच्या लग्नात तू आमटी वाढत होतास, तिच्याहून लहान होतास. विसरलाच असशील, मी आठवण देते. भरलेली बादली नवरीच्या बापाच्या मांडीवर उपडी केलीस. पांढरंशुभ्र धोतर पिवळं. ते उठून उभे राहिले आणि तुझ्या वडिलांनी चपलेकडे हात नेला. सगुणा मधे आली. व्याह्यांना माझ्या मालकांचं कोरं धोतर नेऊन दिलं, आणि तुझ्या हातात मिठाचं ताट दिलं. "आता हे वाढ," म्हणाली. मिठात चुकण्यासारखं काही नसतं, तरी तू लोकांना मुठीमुठीनं वाढलंस. ती ओरडली नाही. पुढच्या पंगतीला लिंबाच्या फोडी दिल्या. शेवटच्या पंगतीला, आम्ही घरचे बसलो तेव्हा, तिनं पुन्हा तीच आमटीची बादली तुझ्या हातात दिली, लग्नात घेतलेली नवी कोरी साडी नेसून पहिल्या पानावर स्वतः जाऊन बसली आणि म्हणाली, "वाढ." तू बादली दोन्ही हातांनी धरून वाकलास. थेंब सांडला नाहीस.

मी सायलीला मीठच दिलं. म्हटलं, चेंडूला हात लावू नकोस, नुसतं मला सांग कुणाचं पान कोरडं आहे. मला तुमचा खेळ कुठे दिसतो. पहिल्यांदा हळू सांगायची. मग उभी राहून सांगायला लागली. मग ओरडायला लागली, "तेजू, हात खाली! हात आधी!" आणि परवा रागारागानं स्वतःच आत गेली. चेंडू घेतला, टप्पे मारत निम्म्या मैदानापर्यंत आली. हाताकडे बघत नव्हती रे. डोळे सगळ्यांवर. आणि तिथं थांबून तिनं फाटकाकडे बघितलं. फाटकात कुणी नव्हतं. चेंडू तेजूला देऊन टाकला आणि बाहेर येऊन बसली. (तेजस्विनी: मी पकडला होता, आजी. तेही लिहू ना?)

मीठ मी देऊ शकते. लिंबाच्या फोडी देऊ शकते. बादली ज्यानं काढून घेतली त्याच्याच हातून परत मिळायला लागते, तिथं माझं काही चालत नाही.

म्हणून मी तुला ये म्हणत नाही. अजिबात म्हणत नाही. तू कांदा सांभाळ. रविवारी घोटीच्या पोरी खेळायला येणार आहेत, तर मी ताट वाजवीन, काय व्हायचं ते होईल. सगुणाला गुडघ्याला गरम तेल लावायला सांग. मोठ्यांना नमस्कार, तुला जो काय उरेल तो आशीर्वाद.

तुझी मावशी,
नवसाबाई (अंगठा समजावा)

ता. क. सायली मळ्यातून आली. तेजूनं लिहिलेलं सगळं तिनं वाचलं आणि कंससुद्धा टाकला नाही. नुसतं पेन काढून घेतलं. पुढचं तीच लिहिते आहे.

आणखी ता. क. मनीषाबाई सांगत होत्या, रोज संध्याकाळी लासलगावहून कुणीतरी फोन करतं, "पोरी सरावाला आल्या का, सगळ्या आल्या का" विचारतं आणि नाव न सांगता ठेवून देतं. मागून लिलावाचा गलका ऐकू येतो म्हणे. कुणी व्यापारी असेल. त्याला आमच्या पोरींची काळजी का, हे मी विचारणार नाही.

आणखी एक. शिट्टी खुंटीवरच आहे. मी धुऊन ठेवली आहे, कवळीचं मनात आणू नकोस. (सायली: सराव शनिवारी पाचला असतो. मी फक्त वेळ सांगते आहे, काका. सर.)

शेवटचं. आमच्या कुरडया संपल्या. सगुणाला सांग, पांढऱ्या दे, डबाभर, आणि शनिवारी पाचच्या आत इथे पोचायला हव्यात. सहादूबरोबर मुळीच पाठवू नकोस, पुन्हा भुगा खायची माझी तयारी नाही. कुणीतरी डबा मांडीवर धरून एसटीत बसायला हवं. त्या कुणीतरीनं अंगात पांढरा धुतलेला शर्ट घालावा, टोपलीखाली सायलीसमोर उभं राहावं आणि "टाक" म्हणावं. आणि डबा एसटीत विसरू नकोस.