मधलं अक्षर आधी

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. भाऊजींचा गुडघा कसा आहे? मी मजेत. फोन असताना हिला पत्र कुठून सुचलं, असं तुझ्या मनात आलंच असेल. कारण ऐकून हसू नकोस, आणि हसायचंच असेल तर भाऊजींना न सांगता हस. मी कविता लिहायला शिकतेय.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर शनिवारी दुपारी वर्ग असतो. बाहेर पाटी आहे, 'पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांसाठी'. इतकी वाकडी रंगवलेली, की जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेल्या आपल्या बाबांनी ती पाहिली असती तर तिथल्या तिथे शिडी मागितली असती. आम्ही नऊ जण आहोत. शिकवणारे गृहस्थ मूळचे दातांचे डॉक्टर, आता निवृत्त. कवितेतलं काय उपटायचं ते त्यांना बरोबर कळतं आणि उपटताना ते भूल देत नाहीत. माझी पहिली कविता चंद्रावर होती. बारा ओळींतल्या अकरा त्यांनी काढल्या. उरलेली ओळ दोनदा वाचली आणि म्हणाले, "हीसुद्धा फार दिवस टिकणार नाही, पण असू दे."

मग त्यांनी विचारलं, "दिवसभर तुमच्या हातात काय असतं?"

मी म्हटलं, "क्रीमचा कोन. बेकरीत केकवर नावं घालते."

"मग चंद्र कशाला आणलात?"

सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वाढदिवसांचं लिहितेय. स्वतःचं काही लिहायचं म्हटलं की मी थेट चंद्राकडे पळते.

रोज एक पान हाताने लिहायचं, असा अभ्यास आहे. रोज कविता कुठून आणू? म्हणून आज तुला पत्र. अक्षर वेडंवाकडं दिसलं तर टेबल हलतंय असं समज. त्याच्या पायाखाली कागदाची घडी घालायची राहूनच जाते.

बाकी विशेष काही नाही. वजन बरंच उतरलंय, सगळे कपडे सैल झालेत, तुला हेवा वाटेल. बेकरीत हल्ली मी अक्षरांना नागमोडी वळण देते. मालकांना ती नवी फॅशन वाटली, आणि दोन गिऱ्हाइकांनी तर मुद्दाम तसंच मागून घेतलं.

काका भेटतात का गं? बाबा गेले त्या दिवशीच्या तुमच्या भांडणाला आता पाच वर्षं होतील. तू बोलायला हवंस असं मला वाटतं. पण मी कोण सांगणारी.

तुझी,
धाकटी


२७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

टेबल हलत नव्हतं. माझे हात हलत होते.

घाबरू नकोस, आधी चांगलं ते सांगते. बाबांना झाला तो कंपवात मला नाही. नक्की नाही.

डिसेंबरपासून हात थरथरत होते. नागमोडी अक्षरं फॅशनची नव्हती. एका मुलीच्या केकवरचं नाव मी तीनदा खरवडून काढलं आणि चौथ्यांदा तसंच जाऊ दिलं. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, रोज एक पान हाताने लिहा, वर तारीख घाला, म्हणजे हात सुधारतोय की बिघडतोय ते मला दिसेल. तो अभ्यास वर्गातला नव्हता, दवाखान्यातला होता. पहिले चार दिवस मी मैद्याच्या पोत्यावरचा मजकूर उतरवून काढला. पाचव्या दिवशी त्याचाही वीट आला, आणि वाचनालयाची ती वाकडी पाटी दिसली. माझ्या काव्यप्रतिभेचा उगम हा असा आहे.

सोमवारी रिपोर्ट आले. थायरॉइड वाढलंय. त्यानेच वजन उतरलं, त्यानेच छाती धडधडायची आणि त्यानेच हात थरथरायचे. गोळ्यांनी आटोक्यात येईल. मी तीन वेळा विचारलं, "म्हणजे ते नाही ना?" तिसऱ्या वेळेला डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर 'ते नाही' असं लिहून खाली सही करून दिली. जीव भांड्यात पडला, ताई. जिन्यात बसून इतकी रडले की एक नर्स पाणी घेऊन धावत आली. तिला वाटलं वाईट बातमी आहे.

आता पुढचं. बाबा पाटी रंगवताना मधलं अक्षर आधी काढायचे आणि मग दोन्हीकडे सरकायचे, म्हणजे शेवटी जागा कमी पडत नाही. केकवर मीही तेच करते. गेल्या शनिवारी वर्गात वीस मिनिटांत कविता लिहायला सांगितली आणि मी सवयीने कागदाच्या मधोमध एक ओळ लिहून टाकली. मग वर गेले, दोन ओळी लिहिल्या. मग खाली आले, एक लिहिली आणि अडले. वेळ संपली तेव्हा कागदाचा वरचा भाग कोरा, खालचाही कोरा. सगळे हसले, मीही हसले. कविता ही अशी:

पाट्या रंगवणारा हात
आता फक्त चमचा धरतो.
ओठांशी येईतो चमचा रिकामा होतो.
तरी ते तोंड उघडतात.

दातांच्या डॉक्टरांनी ती वाचली. काही उपटलं नाही. म्हणाले, "याच्याखाली काय येणार?"

"माहीत नाही."

"घरी विचार करा, सुचेल."

"विचार करून सुचणार नाही," मी म्हटलं. "मी तिथे नव्हते."

सगळ्यांसमोर तोंडातून निघून गेलं. जे तुला कधी सांगितलं नाही ते आठ परक्या माणसांसमोर बोलायला लागले होते. म्हणून हे पत्र.

ताई, मला रजा मिळाली होती.

बाबांचे शेवटचे दिवस चालले होते, तू रोज फोन करायचीस आणि मी सांगायची, कामाचा हंगाम आहे, मालक सोडत नाहीत. मालकांनी मी न मागता पंधरा दिवस दिले होते. "केक साधेच विकू, तू जा," असं म्हणाले होते. मी बॅग भरली, दाराशी ठेवली आणि अकरा दिवस घरात बसून तिच्याकडे बघत राहिले. शेजारणीला कळू नये म्हणून दिवसासुद्धा पडदे ओढलेले. त्याच्या आधीच्या भेटीत मी बाबांना जेवताना पाहिलं होतं. त्या चमच्यामागे मला माझाच हात दिसला, आणि मी भ्याले. याहून बरं कारण मी पाच वर्षं शोधतेय, सापडलेलं नाही.

बाराव्या दिवशी बाबा गेल्याचा तुझा फोन आला. भरलेली बॅग उचलली आणि निघाले. मला दारात बघून तू म्हणालीस, "बिचारी, कामावरून तशीच आली." काका म्हणाले, "हिला बापापेक्षा केक मोठे." तेव्हा तू त्यांच्यावर तुटून पडलीस. "तिला रजाच दिली नाही, ती काय करणार?" मी मूग गिळून बाजूला उभी. तू काकांचं तोंड बघत नाहीस ते माझ्या खोट्यापायी. काकांचं बोलणं कडू होतं, पण खरं होतं.

रिपोर्टची वाट बघताना मी ठरवलं होतं, तोच आजार निघाला तर तुला हे कधीच सांगायचं नाही. तुला माझी कीव आली असती आणि तू लगेच माफ करून मोकळी झाली असतीस. आता मी धडधाकट आहे. आता तुला हवं तेवढं रागावता येईल.

हे लिहून मला हलकं वाटतंय, खोटं कशाला सांगू. तुझ्या डोक्यावर टाकून हलकं होणं काही बरं नाही, हेही कळतं. तू माझ्याशीही बोलणं टाकशील ही भीती आहेच. आई गेली, बाबा गेले, आता माझं म्हणून तूच एक आहेस.

येत्या शुक्रवारी दुपारच्या बसने येतेय, आठ दिवसांसाठी. बाबांचे ते दिवस कसे गेले ते मला सांग. कवितेसाठी नकोय, तो कागद कोरा राहिला तरी चालेल. तू एकटीने निभावलंस ते मला निदान माहीत असावं. सांगावंसं वाटलं नाही तर सांगू नकोस. मी तुझी भांडी घासेन, भाऊजींचा गुडघा शेकेन आणि परत जाईन. दारातूनच परत पाठवलंस तर पुढच्या महिन्यात पुन्हा येईन.

हे पत्र वाचून झालं की काकांकडे दे. तू स्वतः नेऊन दे.

जिच्यासाठी तू उगाच भांडलीस, ती तुझी
धाकटी