एलित्साला हवा असलेला पासवर्ड

३ ऑक्टोबर
एलित्सा ही एलित्सा नाहीच! ऑनलाइन गेमच्या गप्पांत भेटली होती. वार्ना शहरातली, माझ्याच वयाची, गाणारी — म्हणून मी तिला माझा व्हिडिओ पाठवला. डोक्याला टॉवेल, अंगात आईचा झगा, हातात पळी. समोर लोणच्याच्या बरण्या प्रेक्षक, आणि मी बेसूर. आज निरोप आला — "तुझ्या खात्याचा पासवर्ड दे. नाहीतर हा व्हिडिओ अख्ख्या वर्गाला जाईल." खाली वर्गातल्या पोरांची नावं. माझ्याच मित्रयादीतून उचललेली. यादी मीच सगळ्यांना उघडी ठेवली होती.
जेवण गेलं नाही. आईला सांगितलं, डोकं दुखतंय.

४ ऑक्टोबर
पासवर्ड लिहिला. पुसला. परत लिहिला. पाठवला नाही.

५ ऑक्टोबर, रविवार
आमच्या गाब्रोवो गावभर भाजक्या मिरच्यांचा वास. बाबाही गॅलरीत भाजत बसले होते, हिवाळ्याची बेगमी. म्हणाले, "नेवे, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का गं?"
सांगून टाकलं. बाबांचे हात काळेकुट्ट, म्हणून मोबाईल मीच धरला. व्हिडिओ सुरू झाला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. "त्या बरण्यांची दया येते गं." मलाही हसू फुटलं.
मग एकदम गंभीर झाले. "चोर तो आहे, तू नाहीस. उत्तर द्यायचं नाही. काही खोडायचंही नाही, तो पुरावा आहे." निरोपांचे फोटो काढून ठेवले, त्याला ब्लॉक केलं, मित्रयादी बंद केली. तोवर मिरच्या करपल्या. आई ओरडली, पण मिरच्यांसाठी. व्हिडिओबद्दल एवढंच — "झगा धुऊन ठेव."

६ ऑक्टोबर
बाबा पोलिसांत तक्रार देऊन आले. मी वर्गशिक्षिका त्स्वेताबाईंना विचारलं आणि वर्गात पडद्यावर तो व्हिडिओ स्वतःच लावला. मीच दाखवला, तर त्याच्याकडे धमकवायला उरलं काय? वर्ग खिदळला. सगळ्यात मोठ्याने रादोस्तिन, व्हॉलीबॉलचा कप्तान. "बरण्यांनी टाळ्या वाजवल्या का गं?"
म्हटलं, "नाही, झाकणं उडाली."
मग धमकीचंही सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही.

९ ऑक्टोबर
'एलित्सा'चा आवाज बंद. वर्ग मला बरणी म्हणतो. म्हणू दे. आज दोन वेळा जेवले.

१० ऑक्टोबर
शाळा सुटल्यावर रादोस्तिन सायकल ढकलत मागून आला. एकटाच. मग म्हणाला, "नेवेना, माझ्याकडेही कुणीतरी असंच धमकावून मागतंय. मार्चपासून. घरी सांगायला सुरुवात कशी करतात?"
म्हटलं, "सायकल लाव भिंतीला. बस इथे."