दुसरी आणि तिसरी बाजू

मी, पोपट गोविंद बडेकर, वय वर्षे ७६, पूर्वी कारखान्यात फिटर, आता पेन्शन आणि थोडी भातशेती, राहणार मु. पो. कळंब, ता. कर्जत, जि. रायगड, हे माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. पत्नी जयवंता हिचे मत वेगळे आहे, पण तिचा दाखला जोडण्याची कायद्यात सोय नाही. मला कोणी धमकावलेले नाही, फूस लावलेली नाही. हृदयाची एक झडप नीट मिटत नाही आणि आता त्यावर काही करण्यात अर्थ नाही, असे डॉक्टर म्हणाले. म्हणून हे लिहिणे आणखी पुढे ढकलता येत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. घर आणि शेत यांसाठी मला मृत्युपत्राची गरज नव्हती. मुलगी एकच आहे, भांडायला दुसरे कोणी नाही. हा सगळा खटाटोप मी कलम ५ साठी करतो आहे. बाकीची कलमे वकिलांच्या समाधानासाठी.

कलम १. कळंबचे राहते घर जयवंताने हयात असेपर्यंत वापरावे, तिच्यानंतर ते मुलगी रोहिणी हिचे. बँकेतली ठेव जयवंताच्या नावे आहेच. शेजारच्या रिसॉर्टवाल्याने आमचे परसू पार्किंगसाठी तीनदा मागितले आहे. त्याला परसू तर नाहीच, ओट्यावर टेकायलाही देऊ नये. शनिवार-रविवार त्याचा डीजे सुरू झाला की आमच्या मांडणीवरची भांडी नाचतात. जवळजवळ साठ वर्षे मी ट्रम्पेट ऐकले, पण कोणाच्या घरात न विचारता घुसलो नाही.

कलम २. वाटणीत आलेले वीस गुंठे शेत रोहिणीला. तिने ते कसावे, खंडाने लावावे किंवा पडीक ठेवावे. जावईबापूंनी त्यात फार्महाऊसचे स्वप्न पाहू नये.

कलम ३. पाने, ड्रिल, व्हर्नियर आणि लोखंडी पेटी हीसुद्धा रोहिणीलाच, कारण घरातला मिक्सर ती स्वतः उघडते. जावईबापू सज्जन आहेत, परंतु स्क्रू कोणत्या बाजूला फिरवायचा हे त्यांना दर वेळी नव्याने सांगावे लागते.

कलम ४. शुक्रा जैतू निरगुडा, राहणार ठाकूरवाडी, यास बॅटरीवर चालणारे लहान प्लेअर आणि ढोलाच्या चार रेकॉर्डी द्याव्यात. कोणत्या चार ते त्याला ठाऊक आहे. याचे कारण लिहिणे भाग आहे, नाहीतर लोक काहीतरीच म्हणतील.

माझे वडील माथेरानच्या एका हॉटेलात स्वयंपाकी होते. मी सतराव्या वर्षी तिथेच जेवणघरात वाढपी म्हणून लागलो. मे महिन्यात मुंबईहून पाच जणांचा गोवेकर बँड यायचा. ट्रम्पेट वाजवणारे आंतोनबाब म्हणून होते. पहिल्या रात्री मी सूपचे भांडे हातात धरून उभा राहिलो तो उभाच राहिलो, आणि मॅनेजरची बोलणी खाल्ली. शुक्रा त्या वेळी हातरिक्षा ओढायचा. गिऱ्हाइकाला उतरवले की तो जेवणघराच्या खिडकीबाहेर बसायचा. एकदा मला म्हणाला, "तो मागं ढोल वाजवतोय ना, तो पुढच्याला ओढून नेतोय." मी आंतोनबाबांना हे सांगितले. ते हसले, मग ड्रमवाल्याकडे वळून, घाई करतोस म्हणून त्याला काहीतरी लागट बोलले, आणि दुसऱ्या दिवसापासून बँड नीट चालू लागला. हंगाम संपला तेव्हा आंतोनबाबांनी मला एक रेकॉर्ड दिली. माझ्याकडे मशीन नव्हते. दोन वर्षे मी ती नुसती कव्हरमधून काढून बघत असे. इंग्रजी येत नसले तर जॅझ कळत नाही असे सांगणारे पुष्कळ भेटले. त्यांना मी शुक्राची गोष्ट सांगतो.

कलम ५. रेकॉर्डी.

माझा धाकटा भाऊ हिरामण आणि मी दोघेही खोपोलीकडच्या कारखान्यांत लागलो. तेव्हापासून वाटणीपर्यंत रेकॉर्डी आम्ही एकत्रच घेतल्या. महिन्याच्या एका रविवारी मुंबईच्या जुन्या बाजारात जायचे, गुडघ्यावर बसून धुळीचे गठ्ठे उपसायचे. रेघ पडली आहे का हे मी उन्हात तिरपी धरून बघायचो. हिरामण कव्हर वाचायचा, कारण तो अकरावीपर्यंत शिकला होता. मुंबईतच रंगभवनात परदेशी जॅझवाले आले की आम्ही सर्वात स्वस्त तिकिटावर मागे बसायचो. कर्जतची गाडी गाठायची म्हणून दर वेळी शेवटचा तुकडा सुरू होताना उठावे लागे. सात जलसे ऐकले आणि एकाचाही शेवट ऐकला नाही. रस्त्यावर आल्यावर मागून टाळ्या ऐकू येत.

म्हणून १९८३ साली आम्हाला तो जोड अल्बम मिळाला तेव्हा आम्ही वेडे झालो. एका सबंध जलशाचे ध्वनिमुद्रण, दोन रेकॉर्डी, चार बाजू, शेवटी टाळ्यांसकट. आमचा पहिला पुरा जलसा तो. जयवंता म्हणायची, "भांडी पडल्यागत वाजतंय, म्हस आटंल." पण सुई अडकली की चुलीपुढून तीच आधी ओरडायची.

१९९४ च्या वैशाखात वाटणी झाली. पंच होते धोंडीकाका, आता हयात नाहीत. जमीन झाली, भांडी झाली. मग त्यांनी कपाट उघडून विचारले, "ह्या काळ्या थाळ्या कुनाच्या रं?"

हिरामण म्हणाला, "दोघांच्या हायत काका. त्या वाटू नका. दादाकडंच राहूंद्या, मी येऊन ऐकत जाईन."

गेली एकतीस वर्षे मी गावाला, पाहुण्यांना, माझ्या मुलीलासुद्धा सांगत आलो की रेकॉर्डी वाटा असे हिरामण म्हणाला. ते खोटे आहे. मी म्हणालो. त्याने त्याच सकाळी आपल्या वाट्याचे शेत रिसॉर्टला विकणार असल्याचे सांगितले होते, आणि माझा राग अनावर झाला होता. मी म्हणालो, "ताटं वाटली तशा ह्याबी वाटा." हे मी शुद्धीवर असताना लिहितो आहे आणि मला याची लाज वाटते.

धोंडीकाका प्रामाणिक माणूस. त्यांनी ताटासारखेच केले. एक पोपटची, एक हिरामणची, एक पोपटची, एक हिरामणची. जोड अल्बममध्ये दोन होत्या, त्यातली एक इकडे, एक तिकडे. कव्हर माझ्याकडे आले, हिरामणची रेकॉर्ड वर्तमानपत्रात गुंडाळली. मशीन मला, टीव्ही त्याला. कोणावर अन्याय झाला नाही, असे काका जाताना म्हणाले.

आता एक तांत्रिक गोष्ट. पूर्वी रेकॉर्डींची चवड रचून ठेवण्याचे मशीन असे. एक संपली की वरची आपोआप खाली पडे, आणि शेवटी सगळी चवड एकदम उलटायची. त्यासाठी अशा अल्बममध्ये पहिली आणि चौथी बाजू एका रेकॉर्डवर, दुसरी आणि तिसरी दुसऱ्या रेकॉर्डवर छापत. माझ्याकडे आली ती पहिली आणि चौथी. जलशाची सुरुवात माझ्याकडे, टाळ्याही माझ्याकडे, आणि मधला सगळा जलसा हिरामणकडे. मध्ये काय आहे ते कव्हरवर छापलेले आहे. ते एकतीस वर्षे मी वाचतो आहे.

वाटणीनंतर हिरामण साजगावला राहायला गेला. लग्नकार्यात समोरासमोर आलो तर आम्ही जेवणाच्या पंगती बदलल्या. अंतर फार नाही, एसटीने तासाभराचे. मी गेलो नाही.

तरी माझ्या वाट्याच्या सर्व रेकॉर्डी, मोठे मशीन आणि सर्व कव्हरे मी माझा भाऊ हिरामण गोविंद बडेकर यास देत आहे. त्याने जोड जुळवावी. त्याच्याकडे मी हे जिवंतपणी घेऊन गेलो नाही, कारण त्याने दार लावून घेतले असते तर मला ते सहन झाले नसते.

सूचना. रेकॉर्डी उभ्या ठेवाव्यात, आडव्या ठेवून त्यावर पापडाचे डबे ठेवू नयेत. पदराने पुसू नयेत. हे कोणाला उद्देशून आहे ते घरात कळेल.

कलम ६. माझ्या अंत्ययात्रेत कोणतेही संगीत नको. रोहिणीच्या मनात ट्रम्पेट आहे, मला माहीत आहे. तिने ते मनातच ठेवावे.

येथवर दिनांक ९ नोव्हेंबर रोजी लिहिले.

कलम ७. आज रविवार, दिनांक १६ नोव्हेंबर. कलम ५ मधील रेकॉर्डी आणि मशीन हिरामणला देण्याचा भाग मी रद्द करीत आहे. तेथील कबुली रद्द करीत नाही. कारण खालीलप्रमाणे.

सहीसाठी दोन साक्षीदार लागतात. एक आमचे शेजारी नवनाथ, निवृत्त पोस्टमन. दुसरा मी बघतो, असे ते म्हणाले होते. आज सकाळी अकरा वाजता ते आले आणि त्यांच्यामागून चपला काढून हिरामण आत आला. केस सगळे पिकले आहेत. मी खुर्चीतून उठलो आणि परत बसलो. जयवंता म्हणाली, "भावजी, बसा," आणि पाण्याऐवजी तिने तांब्या रिकामाच पुढे केला.

मी म्हणालो, "तू सही करू नकोस. वकिलांनी बजावलंय, घेणाऱ्यानं साक्ष केली तर पुढं प्रश्न निघतात. तुला यात लिहिलंय."

"काय लिहिलंय?"

मी कागद दिला. त्याने चष्मा लावून कलम ५ वाचले. कव्हरे वाचायचा तसेच, ओठ हलवत. पुन्हा पहिल्यापासून वाचले. मग म्हणाला, "खोड ते. मी सही कराया आलोय, घ्याया नाय."

मला वाटले, राग आहे. तसे मी बोललोही. तेव्हा तो म्हणाला, "दादा, जोड कशाशी जुळवू? सव्वीस जुलैच्या पुरात खोलीत गळ्याइतकं पाणी. माझ्या सगळ्या गेल्या रं. चिखलातून काढल्या त्या वाकल्या, चिरल्या. वीस वर्सं झाली. तुला सांगाया त्वांड नव्हतं. आपल्या दोघांची वस्तू मी घालवली."

म्हणजे तो आला नाही तो या लाजेने, आणि मी गेलो नाही तो माझ्या लाजेने. नवनाथ म्हणाले, तुम्हाला दोघांना एका गोणीत घालायला पाहिजे. मला रडू आले. मृत्युपत्रात असे लिहीत नाहीत हे मला ठाऊक आहे.

मग हिरामण म्हणाला, "तू मेल्यावर कशाला? आता लाव की."

मी पहिली बाजू लावली. ती बावीस मिनिटांची आहे. बाजू संपली, सुई उचलली. हिरामण डोळे मिटून बसला होता. त्याने तसेच तोंडाने पुढचे सुरू केले. पुरापर्यंत अकरा वर्षे त्याने एक जुने प्लेअर घेऊन तेवढेच ऐकले होते, मधलेच, कारण दुसरे नव्हते. ट्रम्पेट ओठांनी, ड्रम चहाच्या ट्रेवर बोटांनी, पियानोसाठी नुसते "डा डा डाडा". मध्येच थांबून म्हणाला, "हितं काय व्हतं, आठवत नाय," आणि पुढे गेला. एका ठिकाणी हसला, म्हणाला, "हितं कोनतरी खोकतो." खोकलाही करून दाखवला. दम लागला की पाणी प्यायचा. रोहिणी आज घरी आली होती, तिने सगळे फोनमध्ये घेतले. छत्तीस मिनिटे झाली. आवाज कुठे कुठे फाटला आहे. मी पुष्कळ जॅझ ऐकले आहे, पण यासारखे काही ऐकलेले नाही.

त्यानंतर मी चौथी बाजू लावली. आजवर ती मला कोणीतरी वाक्य अर्धे सोडून बोलायला लागल्यासारखी वाटायची. आज ती बरोबर जागी सुरू झाली.

कलम ८. सबब, माझ्या सर्व रेकॉर्डी, कव्हरे आणि मोठे मशीन, कलम ४ मधील चार रेकॉर्डी वगळून, मी रोहिणीला देतो. सदर जोड अल्बमची दुसरी आणि तिसरी बाजू, जिची रेकॉर्ड आता अस्तित्वात नाही, ती हिरामणच्या आवाजात रोहिणीच्या फोनमध्ये आहे, तीही या मिळकतीचा भाग समजावी आणि फोन बदलताना पुसू नये. अल्बम लावताना आधी पहिली बाजू, मग फोनमधला हिरामण, मग चौथी बाजू, असा क्रम ठेवावा. हिरामण हयात असेल तर फोन बंद ठेवावा आणि त्याला साजगावहून बोलावून आणावे.

वरील सर्व मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवले आणि त्यांच्यासमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

ठिकाण: कळंब, ता. कर्जत
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५

(सही) पोपट गोविंद बडेकर

साक्षीदार १: (सही) नवनाथ हिरू मसणे, रा. कळंब. नाते: शेजारी.

साक्षीदार २: (सही) हिरामण गोविंद बडेकर, रा. साजगाव, ता. खालापूर. नाते: सख्खा भाऊ. या मृत्युपत्रात मला काही मिळत नाही, हे वाचून, समजून सही केली.