त्रेसष्ट टक्क्यांवर

४ मार्च, सोमवार
दातांच्या डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये पेशंटचे नंबर दाखवणारा स्क्रीन बसवायचं काम मी घेतलं. म्हणजे घेतलं मामांनी, पण त्यांचा जन्म पंख्यांचं वाइंडिंग करण्यात गेला. मामा म्हणाले, शनिवारी स्क्रीन चालू झाला तर दुकानातलं दुसरं काउंटर तुझं, 'कॉम्प्युटर विभाग' म्हणून. नाही झाला तर मुकाट्याने पंखे खोलायचे.
मनातल्या मनात पंख्यांना निरोप दिला.
कॉम्प्युटर म्हणजे पत्त्यांच्या कॅटाएवढा उघडा बोर्ड. त्यात मेमरी कार्ड घालायचं, सॉफ्टवेअर इन्स्टॉल करायचं. चहा गार व्हायच्या आत होईल.

५ मार्च, मंगळवार
आधी शिस्त. जुन्या टीव्हीला प्लायवूडची फ्रेम केली. खालच्या कडेला पट्टी: 'कृपया अनावश्यक प्रश्न विचारू नयेत.' अक्षरं स्वतः कापली. 'विचारू'तला रू दीर्घ. आमच्या रस्त्यावर हे माहीत असलेला दुसरा माणूस नाही.
मामेबहीण म्हणाली, दादा, पट्टी स्क्रीनवर येतेय. मी म्हटलं, खाली रिकामीच जागा असते. कॉलेजात जाते, पण निरीक्षण शून्य.
इन्स्टॉलेशन सुरू केलं आणि कीबोर्ड काढून कपाटात कुलूपबंद ठेवला. या घरात हात लावणारे फार. किल्ली माझ्या खिशात.
सरसर त्रेसष्ट टक्के झालं. तिथे जरा थांबलंय.

६ मार्च, बुधवार
अजून त्रेसष्ट. दोष अडॅप्टरचा. मामा म्हणाले, त्यावर माझा रेडिओ कित्येक वर्षं चालतोय. हसू आवरलं. नवा अडॅप्टर लावून पहिल्यापासून सुरू केलं, कीबोर्ड पुन्हा कपाटात. त्रेसष्ट.
मग उष्णता. स्वयंपाकघरातला टेबल फॅन आणून बोर्डावर लावला. मामी घाम पुसत आल्या आणि म्हणाल्या, तुझ्या बोर्डाला ताप असेल तर थर्मामीटर देऊ का? अशा वातावरणात काम करतोय.
त्रेसष्ट.

७ मार्च, गुरुवार
नवं कार्ड. घरातल्या सगळ्यांचं इंटरनेट बंद करायला लावलं. मामेबहीण ओरडली, माझी असाइनमेंट! विज्ञानासाठी त्याग करायची तयारी कुणाचीच नाही.
पुन्हा त्रेसष्ट. दर वेळी त्याच जागी अडतं, म्हणजे सॉफ्टवेअर लिहिणारेच अर्धवट. असेच लोक भेटले म्हणून तर मी पॉलिटेक्निक तिसऱ्या सेमिस्टरला सोडलं. निकालाचा काही संबंध नाही.
मामेबहीण म्हणते, पट्टीच्या वर अक्षरांचे शेंडे दिसतायत. मी म्हटलं, जुना टीव्ही आहे, कडेला खरखर येणारच. पट्टी बोटभर वर सरकवून टेपने घट्ट केली. शेंडे गेले. एक बिघाड दुरुस्त.

८ मार्च, शुक्रवार
दिवसभर स्क्रीनसमोर बसलो. जेवण गेलं नाही.
मामांनी विचारलं, कुठवर आलं? मी म्हटलं, त्रेसष्ट टक्के. मामा म्हणाले, परवाही तेवढंच होतं ना रे? मी म्हटलं, स्थिर आहे. मामा म्हणाले, दवाखान्यात पेशंट स्थिर आहे म्हटलं की घरचे रडायला लागतात.
मामांना तांत्रिक भाषा कळत नाही.
निष्कर्ष: आमच्या घरची वीजच हलकी. उद्या क्लिनिकच्या विजेवर होईल.

९ मार्च, शनिवार
मामा आणि मामेबहिणीला घेऊन क्लिनिकमध्ये स्क्रीन भिंतीवर चढवला. फ्रेम शोभून दिसली. इन्स्टॉलेशन पुन्हा सुरू केलं. त्रेसष्टवर येऊन बसलं. वेटिंग रूम भरलेली. एक आजोबा गाल धरून उठले आणि म्हणाले, माझा तर चौथा नंबर, गेला वाटतं! त्यांना बसवलं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, सकाळपासून अकरा पेशंट आलेत, मग हा त्रेसष्टावा कोण?
मामांनी खिशातून टेस्टर काढला आणि परत ठेवला.
तेवढ्यात मामेबहिणीने नखाने पट्टी ओढली. निम्मा टेप टीव्हीवरच राहिला. खाली इंग्रजीत लिहिलेलं: पुढे चालू ठेवायचं का? हो असल्यास वाय दाबा.
तोंडात कापूस धरलेल्या बाईंनीसुद्धा ते मोठ्याने वाचलं. आणि ते सगळ्यांना कळलं.
कीबोर्ड घरी. मामेबहिणीने माझ्यापुढे हात केला, मी किल्ली दिली. ती कीबोर्ड घेऊन आली, एक बटण दाबलं. डॉक्टरांनी आजोबांची दाढ काढेपर्यंत शंभर टक्के.

११ मार्च, सोमवार
दुसऱ्या काउंटरवर मामेबहीण बसते, कॉलेज सुटल्यावर. 'कॉम्प्युटर विभाग' ही पाटी मामांनी मला करायला सांगितली. दुसरं कोण शुद्ध लिहिणार? म्हणजे विभागाची पायाभरणी माझ्याच हातची. माझी पट्टी डॉक्टरांनी ठेवून घेतली, केबिनच्या दारावर लावली.
पंखे खोलायला घेतले.
मामेबहिणीला शांतपणे समजावलं की मुळात तो प्रश्नच अनावश्यक होता. पुढे जायचं नसेल तर माणूस सुरू कशाला करेल?
ती म्हणाली, दादा, पॉलिटेक्निक कुणी सुरू केलं होतं?
वाइंडिंगची तार फार बारीक असते. मध्ये बोललं की मोजणी चुकते.