शेंड्याचा घास

जकार्ता, ६ जून १९९४

ती. म्बाक लास्त्री हिस,
धाकट्या बहिणीचा सा. न. वि. वि.

बातमी मोठी आहे. तुझी वुर कंपनीच्या कर विभागाची प्रमुख झाली! इतकी वर्षं दुसऱ्यांच्या सहीसाठी आकडे मांडले, आता सही माझी आणि करखात्यापुढे उत्तरंही माझीच.

पण मन खात होतं. पाक सुगेंग आठवतात ना, तुझ्या सोतोच्या रश्शासाठी पुन्हा पुन्हा वाटी पुढे करणारे? मला सगळं काम त्यांनी शिकवलं. खुर्ची त्यांना मिळणार असंच सगळे धरून चालले होते. म्हणून ऑफिसात तुंपेंगचा पिवळ्या भाताचा सुळका मांडला तेव्हा मानाचा शेंडा कापून मी संचालकांना नाही, पाक सुगेंगना दिला. सर्वांसमोर मी त्यांना म्हणाले, की ही खुर्ची खरं तर तुमची होती, मला माफ करा. मला रडूच आलं. त्यांनी ताटली घेतली, आभार मानले आणि सगळा घास संपवला.

तेव्हापासून काहीतरी बिनसलंय. दुपारी जेवायला जाताना सगळे 'चल गं वुर' म्हणायचे, आता अदबीनं 'इबू, आम्ही येतो जाऊन' म्हणतात. पाक सुगेंग कामापुरतंच बोलतात. मी खोलीत एकटीच डबा खाते. फार एकटं वाटतं गं.

आईला नमस्कार. पत्र लवकर धाड.

तुझी,
वुर

क्लातेन, १९ जून १९९४

चि. वुर्यानी हिस अनेक उ. आशीर्वाद.

प्रमुखबाई, अभिनंदन! तू सगळ्या जकार्ताचा कर गोळा करतेस असं आईनं गल्लीभर सांगितलंय. भाजीवाली आता आम्हाला चुकवून जाते.

पण अक्कल गहाण टाकली होतीस का गं? मानाचा घास द्यावा, पण तो रडत द्यावा? भल्या माणसाला चारचौघांत बिचारा करून टाकलंस. आता एक कर. त्यांच्या घरी जा, वहिनी वाढतील ते खा आणि खुर्चीचा विषय काढू नकोस. माणूस हातचा जाऊ देऊ नकोस.

जेवत जा. आमची आठवण असू दे.

तुझी म्बाक,
लास्त्री

जकार्ता, १० जुलै १९९४

ती. म्बाक,
सा. न.

रविवारी त्यांच्याकडे जाणारच होते. त्याआधीच त्यांचा सेमारांगला बदलीचा अर्ज माझ्या टेबलावर आला. तो घेऊन मी संचालक पाक हालिम यांच्याकडे धावले, म्हटलं काहीही करा पण त्यांना थांबवा. त्यांनी दार लावून घेतलं आणि सांगितलं, की खुर्ची आधी पाक सुगेंगनाच देऊ केली होती. बायकोच्या मूत्रपिंडाच्या दुखण्यामुळे संध्याकाळी घरी पोचावंच लागतं म्हणून त्यांनी नाही म्हटलं आणि माझं नाव सुचवलं. वुर्यानी करखात्याच्या माणसांना घाबरत नाही, असं म्हणाले होते. आणि हे तिला कळू देऊ नका, नाहीतर उरलंसुरलं मिळालं असं तिला वाटेल, असंही.

म्बाक, ज्यानं खुर्ची दिली त्याचीच मी सगळ्यांपुढे कीव केली. आता सगळ्यांना खरं काय ते सांगायचं, तर त्यांनी राखलेलं गुपित फोडावं लागेल. मी अर्जावर सही केली.

शेवटच्या दिवशी त्यांनी कपाटाच्या किल्ल्या दिल्या. म्हणाले, या खुर्चीबद्दल लोकांपुढे कधी माफी मागू नका, हाताखालची माणसं घाबरतात. मी म्हटलं, थांबा ना. तर म्हणाले, सेमारांगची हवा बायकोला मानवेल. खरं होतं का, ते विचारायचं धाडस झालं नाही.

परवा करखात्याबरोबरची सुनावणी आम्ही जिंकलो. आनंदाच्या भरात मी सांगायला थेट पाक सुगेंगच्या टेबलाशी गेले. तिथे नवा माणूस होता. मला बघून तो झटकन उठून उभा राहिला. मी त्याला बसायला सांगितलं आणि माझ्या खोलीत परत आले.

माया आटू देऊ नकोस.

तुझी,
वुर