स्क्रीनची डावी बाजू

३ मार्च

ती. वन्सं यांना,

नमस्कार. आम्ही दोघं बरी आहोत. जिना चढताना तुमचा गुडघा आता तक्रार करत नाही असं ह्यांच्याकडून कळलं, ऐकून बरं वाटलं.

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुम्ही चष्मा पुसून पुन्हा बघितलं असेल. दवाखान्यात आपल्या दोघींचं वाजलं त्याला आता पाच महिने होतील. तेव्हापासून आपलं बोलणं ह्यांच्या तोंडून चालतं. 'ताई तुझी चौकशी करत होती', 'हिने नमस्कार सांगितलाय'. मी नमस्कार सांगितलेला नसतो आणि तुम्ही चौकशी केलेली नसते, हे आपल्याला दोघींनाही ठाऊक आहे. फोन करता आला असता. पण मी फोन उचलला की हे समोर येऊन बसतात आणि मी काय बोलावं ते खुणेने सांगत राहतात.

तर गाडीबद्दल. तुम्ही नवी घेताय आणि जुनी भावाला देताय हे कळल्यापासून हे हवेत आहेत. तुमचं मन मोठं आहे, ते मी कधी नाकारलेलं नाही. पण थोडं थांबता येईल का? आमच्या इमारतीला रंग देतायत, आवारभर शिड्या आणि डबे, गाडी लावायला जागाच नाही. महिना-दोन महिने तरी हे असंच चालेल. तुम्हीच ह्यांना काहीतरी कारण सांगितलंत तर बरं. माझ्याकडून कळलं तर हिरमुसतील.

बाकी बातमी चांगली आहे. ह्यांचं काम पुन्हा सुरू झालं. छापखान्याच्या मालकांनी शाळेच्या पुस्तकांची पानं संगणकावर लावायला दिली आहेत, घरूनच. मेंदूच्या त्या झटक्यानंतर हे पहिल्यांदा संगणकासमोर बसले तो दिवस मात्र वाईट गेला होता. स्क्रीनकडे बघून म्हणाले, "माझं सगळं कुणी पुसलं?" सगळे फोल्डर आपल्या जागी, डाव्या कडेला, ओळीने उभे होते. मी बोट ठेवून दाखवलं तेव्हा मान वळवून बघितलं आणि म्हणाले, "हे आत्ता आलं." पाच मिनिटांनी पुन्हा तेच. शेवटी कीबोर्डवर डोकं टेकून रडले. ह्यांना रडताना मी लग्नानंतर दुसऱ्यांदा बघत होते.

आठवड्याभराने एकदा हे अंघोळीला गेले तेव्हा मी सगळे फोल्डर ओढत ओढत उजव्या कडेला नेले. बाहेर येऊन बसले आणि म्हणाले, "सापडले! कुठून आणलेस?" म्हटलं, "होते कुठेतरी."

तेव्हापासून मला नादच लागला बघा. ऑफिसात बावीस वर्षं मी एकच निळी स्क्रीन बघितली. मागचं चित्र बदलायला साहेबांची सही लागते अशी माझी समजूत होती. आणि आता सेटिंगमध्ये शिरले की तासभर बाहेर येत नाही. खालची पट्टी उचलून उजव्या कडेला उभी केली. बाण मोठा आणि पिवळा केला. कुठलीही फाईल उघडली तरी ती उजव्या अर्ध्यातच उघडेल असं करून ठेवलं. मागच्या चित्राचा डावा भाग साधा गडद निळा, तिथे काही ठेवतच नाही. ह्यांचा हात आता असा सरसर चालतो की बघत राहावं. परवा उपचाराच्या बाई घरी आल्या होत्या, त्याही बघत राहिल्या. जाताना कागदावर लिहून दिलं, 'संगणकावर स्वतंत्रपणे काम करतात.' तो कागद ह्यांनी तुम्हाला फोटो काढून पाठवलाच असेल.

डाव्या बाजूचं ते आता बरंच सुधारलंय. काळजी करू नका. गाडीचं तेवढं लक्षात ठेवा.

तुमची,
भावजय


१० मार्च

ती. वन्सं यांना,

नमस्कार. काल तुमचा फोन ह्यांना आला तेव्हा मी शेजारीच भाजी निवडत होते. गाडी धुऊन, टाकी भरून ठेवली आहे, रविवारी ड्रायव्हर ती घेऊन निघेल, रंगकाम असेल तर रस्त्यावर लावा, असं तुम्ही म्हणालात. हे लगेच खिडकीशी जाऊन खाली बघून आले आणि मला म्हणाले, "रंगकाम कुठलं?"

आमच्याकडे रंगकाम नाही, वन्सं.

हे पत्र मी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून लिहितेय. हे बाहेर पानं लावतायत. उद्या सकाळी स्वतः पोस्टात टाकीन, म्हणजे शुक्रवारपर्यंत तुम्हाला मिळेल. आधी महत्त्वाचं लिहिते, नाहीतर मी पुन्हा गोल गोल फिरेन. गाडी पाठवू नका. ह्यांना डावीकडचं दिसत नाही.

डोळे चांगले आहेत. दवाखान्यात डॉक्टरांनी आपल्या दोघींना समजावलं होतं, आठवत असेल. डोळ्यांना दिसतं, पण मेंदू डाव्या बाजूची दखलच घेत नाही, आणि आपलं काही सुटतंय हेही माणसाला कळत नाही. तुम्ही नंतर प्रत्येक फोनवर ह्यांना विचारलंत, हे म्हणाले "आता उत्तम". ते खोटं बोलत नाहीत. त्यांना खरंच उत्तम वाटतं. खोटं बोलतेय ती मी.

ताटातला उजवीकडचा भात संपला की म्हणतात, "वाढ अजून." मी वाढत नाही, जाता जाता ताट फिरवते. दाढी एकाच गालाची करतात. दुसऱ्या गालावर मी "साबण राहिलाय" म्हणून हात फिरवते आणि तेवढ्यात वस्तराही फिरवते. मी नेहमी त्यांच्या उजव्या हाताला बसते. इतक्या सफाईने सगळं चालतं की आमच्या घरी कुणी आलं तर त्याला काही वावगं दिसणार नाही.

आणि संगणक. मागच्या पत्रात मी जी फुशारकी मारली, तिची दुसरी बाजू ही. उपचाराच्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं की सगळं मुद्दाम डावीकडे ठेवायचं. स्क्रीनच्या डाव्या कडेला त्यांनी स्वतः लाल चिकटपट्टी लावली आणि ह्यांना सांगितलं, लाल दिसेपर्यंत मान वळवायची, मगच वाचायला सुरुवात करायची. शोधायला लागलं तरच मेंदू शिकेल. मी ती पट्टी चार दिवस ठेवली. चौथ्या दिवशी हे म्हणाले, "मी बालवाडीत आहे का?" आणि मी नखाने पट्टी सोलून काढली. त्यानंतरच हे सगळं उजवीकडे नेण्याचं सुरू झालं. बाईंनी विचारलं की मी सांगायची, "चालू आहे." त्या घरी आल्या तेव्हा 'पट्टी आता लागत नाही' म्हटलं, आणि त्यांना दिसला तो माझ्या स्क्रीनवरचा वेग. ह्यांची काही परीक्षा झालीच नाही. तो शेरा खरा तर मला मिळाला.

मालकांकडे पानं जातात तीही मी आधी बघते. ओळींची सुरुवात, डावा समास, पानाचे आकडे, सगळं मी हळूच नीट करते आणि ह्यांच्या नावाने पाठवते.

हे असंच चालवलं असतं मी. कितीही वर्षं. पण गेल्या गुरुवारी आम्ही औषधं आणायला निघालो होतो. चौकात मी दोन पावलं मागे राहिले, चपलेचा पट्टा निघाला होता म्हणून. हे रस्त्यात उतरले. डावीकडून एक बाई सायकलवर येत होती, ती घंटा वाजवत होती, ओरडली, आणि शेवटी ह्यांना वाचवायला कडेच्या दगडावर आदळली. कोपर सोलवटलं, पिशवी रस्त्यात सांडली. ह्यांनी तिला हात देऊन उठवलं. तुम्हाला माहीत आहे हे किती सभ्य आहेत. पिशवी भरून दिली आणि म्हणाले, "जपून चालवत जा हो, एकट्याच कशा पडलात?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. तरी मी काही बोलले नाही, वन्सं. घरी येऊन चहा केला. रात्रभर मात्र त्या सायकलच्या जागी मी एकेक माणूस ठेवत गेले आणि ह्यांच्या हातात तुमची गाडी.

दवाखान्याच्या जिन्यात तुम्ही मला म्हणाला होतात, "त्याला पांगळं करू नकोस हं तुझ्या मायेने." किती लागलं होतं ते मला. आईविना वाढलेल्या भावाला तुम्ही वळण लावलंत, मान्य, पण माझ्या संसारात नाक खुपसायचं काय कारण, असं मी दोन दिवस भांड्यांना ऐकवत होते. तुमचा सूर मला अजूनही आवडत नाही. पण म्हणणं खरं निघालं.

गाडी थांबवा. कारण काय सांगायचं ते तुम्ही बघा, इंजिनाचं काहीतरी निघालं म्हणा, किंवा...

नाही. वरची ओळ खोडत नाही, राहू दे तुम्हाला दिसायला. बघितलंत, किती सवय झालीये ती. तुम्ही काही सांगू नका. ह्यांना मी सांगते. रविवारच्या आत.

तुमची,
भावजय


१७ मार्च

वन्सं,

नमस्कार. रविवारी गाडी आली नाही आणि तुमचा फोनही आला नाही. म्हणजे पत्र मिळालं, आणि तुम्ही मला वेळ दिलात. ह्या गोष्टीबद्दल तुमचे आभार मानायला मला शब्द शोधावे लागतायत, तेव्हा ते राहू दे.

शनिवारी दुपारी सांगितलं. तोंडाने सांगून काही उपयोग नव्हता. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा हे "हो, हो" म्हणालेच होते. मी खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, "मी आता काय करते ते फक्त बघा." उजवीकडचा एकेक फोल्डर धरून मी डाव्या कडेला नेत गेले. पहिला गेला तेव्हा हे हसले. तिसऱ्याला म्हणाले, "पुसू नकोस." मी म्हटलं, "पुसत नाहीये, आहेत तिथेच. बाणाच्या मागे मान वळवा." वळवली आणि तिन्ही दिसले. पुन्हा सरळ बघितलं, तर नाहीत. हे त्यांनी सात-आठ वेळा केलं. माझ्याकडे बघेनात. मग त्यांनी स्वतः माऊस घेतला आणि राहिलेले फोल्डर एकेक करून डावीकडे नेऊन सोडले, आणि प्रत्येक वेळी तो नाहीसा होताना बघितला.

मग विचारलं, "पानं?"

"मी नीट करत होते."

"ती सायकलवाली?"

मी मान हलवली. ते उठून आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. सव्वीस वर्षांत ह्यांनी माझ्यासमोर दार लावलेलं नाही. दीड दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी ताट ठेवलं, फिरवलं नाही. अर्धं अन्न तसंच ठेवून उठले, तरीही नाही.

सोमवारी ह्यांनी स्वतः मालकांना फोन केला आणि आत्तापर्यंतची सहा पुस्तकं कुणी तपासली ते सांगितलं. मालक म्हणाले, पुढच्या पुस्तकावर दोघांची नावं टाकू. उपचाराच्या बाईंनाही मी फोन केला. त्या म्हणाल्या, पहिले महिने सगळ्यात मोलाचे असतात, ते गेले, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण अजून शिकता येईल. किती, ते सांगता येत नाही. हे 'किती' मला जन्मभर पुरणार आहे.

आता नव्या पट्टीपासून सुरुवात. पट्टी लावलीये ह्यांनीच, चाचपून. आणि बाईंचा हुकूम आहे की मी बसायचं, बोलायचं, ते डावीकडूनच.

तुम्ही इकडे या. गाडीने या आणि गाडी घेऊनच परत जा. माझ्यावर ओरडायचं असेल तर समोर ओरडा, मी उत्तर देईन, पण ऐकूनही घेईन.

खाली ह्यांनी लिहिलंय. ओळी कागदाच्या उजव्या अर्ध्यातच दाटीने आल्या आहेत. मी कागद सरकवलेला नाही.

तुमची,
भावजय

ताई, गाडी विकून टाक. मी तुला फोनवर जे जे उत्तम म्हणून सांगितलं, ते मला तसंच वाटत होतं. हिच्यावर मी रागावलोय, अजून बरेच दिवस रागावणार आहे. तू रागावू नकोस. संगणकावर आता एक फोल्डर शोधायला मला अर्धं मिनिट लागतं, काल पाऊण लागत होतं. ही इथेच माझ्या डावीकडे बसली आहे, असं म्हणते. मला तर कुणी दिसत नाही. वळून बघतो.

तुझा भाऊ